हात कुणाच्या हाती द्यावा?

"मॅडम, नमस्कार. मी डिचोली तालुक्यातली, वय ५१. घरीच फराळाच्या ऑर्डरी घेते. गेल्या चतुर्थीला माटोळी (गणपतीवर टांगायची फळापानांची चौकट) बांधायला स्टुलावर चढले, तर डावा हात खांद्याच्या वर जाईना. त्याआधी दोनेक महिने दुखत होतंच. आता चतुर्थी होऊनही पाच महिने झाले. केस मागे बांधता येत नाहीत, ब्लाउजचे मागचे हूक लावता येत नाहीत, त्या कुशीवर झोपता येत नाही. मानेतून ठणका निघतो, डोक्याच्या मागून वर चढतो आणि डोळ्यामागे येऊन बसतो. एक्स-रे काढला, तर 'मानेच्या मणक्यात गॅप' निघाली. गोळ्यांनी तेवढ्यापुरतं बरं वाटतं. सासूबाई रोज रात्री खोबरेल कोमट करून खांदा चोळून देतात, तेव्हा खूप हलकं वाटतं. मावशी म्हणते, एक जण खांदा एका झटक्यात 'बसवून' देतो. नवरा मोबाइलवर मान मोडण्याचे व्हिडिओ दाखवतो. तो स्वतः सलूनमध्ये केस कापल्यावर मान मोडून घेतो. जाऊबाईंनी तर मणका सरळ केला की थायरॉइड जातो असं ऐकून वीस बैठकांचे पैसे आगाऊ भरलेत. हातांनी केलेल्या उपचारांनी खरंच काही होतं का? झालं तर कुणाकडे जावं? आणि सासूबाईंना बिछान्यात कूस बदलली की घर फिरतं, त्यांचंही काही करता येईल का?"

ताई, हातांनी दुखणं कमी होतं. मी फोंड्यात फिजिओथेरपिस्ट म्हणून गेली बावीस वर्षं हेच काम करते आणि हे रोज पाहते. पण कुठलं दुखणं, कुणाचे हात आणि नंतर तुम्ही घरी काय करता, या तिन्हींवर ते अवलंबून आहे. पत्रात तुम्ही तीन वेगवेगळी दुखणी एकत्र लिहिली आहेत. ती आपण सुटी करू.

त्याआधी एक विचारते. खांदा डावा आहे. चढ चढताना, जिना चढताना, भरलेली घागर उचलताना हातात किंवा छातीत जडपणा येतो का, घाम फुटतो का, थांबलं की बरं वाटतं का? तसं असेल तर हे पत्र वाचणं इथेच थांबवा आणि आज ईसीजी काढून घ्या. डावा हात दुखतो म्हणून महिनाभर तेल चोळत राहिलेली आणि शेवटी हृदयाचं दुखणं निघालेली माणसं मी पाहिली आहेत. तुमचं वर्णन मला तसं वाटत नाही, कारण तुमचा हात श्रमाने न दुखता विशिष्ट दिशेला नेला की दुखतो. पण विचारल्याशिवाय पुढे जाणार नाही.

आता खांदा. स्वयंपाकघरात उभ्या राहा, डावं कोपर बरगडीला चिकटवून काटकोनात वाकवा, पंजा पुढे. कोपर न हलवता पंजा बाहेरच्या बाजूला न्या, दार ढकलल्यासारखा. मग उजव्या हाताने तेच करून बघा. त्यानंतर मुलीला किंवा नवऱ्याला सांगा, डावा पंजा हळूच बाहेर ने. दुसऱ्याने नेऊनही तो जात नसेल, मध्येच भिंत लागल्यासारखा अडत असेल, तर सांध्याभोवतीचं आवरण आकसलेलं आहे. यालाच फ्रोझन शोल्डर म्हणतात, आपल्याकडे 'खांदा जाम झाला' म्हणतात तोच. स्वतःहून जात नाही पण दुसऱ्याने नेला की जातो, असं असेल तर गोष्ट वेगळी. मग स्नायू किंवा त्याची दोरी दुखावलेली असते आणि उपचारही बदलतात. केस बांधणं आणि मागचे हूक लावणं, या दोन्ही हालचाली एकदम गेल्या आहेत. त्यावरून मला जाम खांद्याचीच शंका आहे.

हा खांदा चाळिशी ते साठीत जास्त दिसतो आणि बायकांमध्ये अधिक. आणि ज्यांना मधुमेह आहे त्यांच्यात तर कितीतरी जास्त. तुम्ही साखरेबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही. २०२३ साली आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, देशव्यापी पाहणीचे आकडे आले, त्यात मधुमेहाचं प्रमाण सगळ्या राज्यांत गोव्यात सर्वाधिक होतं, २६.४ टक्के. म्हणजे चार मोठ्या माणसांमागे एकाला. माझ्याकडे जाम खांदा घेऊन आलेल्या कितीतरी जणांना आपली साखर वाढली आहे हे त्या खांद्यामुळेच कळलं. म्हणून उपाशीपोटीची साखर आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी या दोन्ही तपासण्या याच आठवड्यात करा. साखर चढलेली राहिली तर माझ्यासारखीने खांद्यावर कितीही मेहनत घेतली तरी तो लवकर सुटत नाही.

आता त्या 'बसवून देणाऱ्या'कडे जायचं की नाही. जाऊ नका. तुमचा खांदा निसटलेलाच नाही, मग बसवायचं काय? आवरण आकसलंय, ते झटक्याने फाटतं, सुटत नाही. पाळी गेल्यानंतरच्या वयात हाडं ठिसूळ झालेली असू शकतात, अशा वेळी जाम खांद्याला जोराचा हिसका दिला तर दंडाचं हाड मोडू शकतं. परंपरेने हाड बसवणाऱ्यांच्या हातात कसब असतं, हे मी नाकारत नाही. पण हाड मोडलंय की नाही हे न बघता कामट्या घट्ट आवळून बांधल्याने बोटं काळीनिळी पडलेला एक मुलगा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. नशिबाने वेळेत आला, बोटं वाचली.

जोराच्या बाबतीत माझी स्वतःचीही एक चूक आहे, ती सांगते. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका काकांच्या अशाच खांद्यावर मी फार जोर लावला. मला वाटलं, जितकं ताणू तितकं लवकर सुटेल. काका सोशिक, दात आवळून पडून राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांची बायको आली आणि म्हणाली, रात्रभर ते खुर्चीत बसून होते. ती रात्र मी त्यांना दिली होती. पुढे वाचनात आलं की नेदरलँड्समध्ये ७७ रुग्णांवर झालेल्या, २००४ साली छापून आलेल्या अभ्यासातही हेच दिसलं होतं. दुखण्याच्या मर्यादेत राहून हलका व्यायाम करणाऱ्यांचे खांदे, जोरात ताणून घेणाऱ्यांपेक्षा चांगले सुधारले. तेव्हापासून पहिल्या, दुखऱ्या टप्प्यात मी जोर लावत नाही.

मग आम्ही नेमकं करतो काय? तुम्हाला उताणं झोपवते, दंडाखाली टॉवेलची घडी ठेवते. एका हाताने तुमचा हात असा धरते की त्याचं सगळं वजन माझ्याकडे येतं. हे पहिलं काम, आणि यालाच कधी कधी पाच मिनिटं जातात, कारण सात महिने जपलेला हात माणूस सहजासहजी सोडत नाही. दुसऱ्या हाताचा तळवा दंडाच्या हाडाच्या गोल डोक्यावर, अगदी सांध्याजवळ. तिथून हलकं, तालात, मागच्या दिशेला ढकलायचं आणि सोडायचं. हालचाल काही मिलिमीटरचीच असते, बघणाऱ्याला दिसतही नाही. मिनिटभर केलं की थांबायचं आणि पंजा बाहेर किती जातो ते परत बघायचं. पुष्कळदा त्याच बैठकीत बोटभर फरक पडतो. याला मोबिलायझेशन म्हणतात. ऑस्ट्रेलियाचे जेफ्री मेटलंड यांनी त्याच्या पायऱ्या नीट लावून दिल्या, कुठे नुसतं हलवायचं आणि कुठे ताणाच्या टोकापर्यंत जायचं. आमच्याकडे आजही त्याच पायऱ्या शिकवतात.

हा बोटभर फरक कशाने पडतो, हेही सांगते, कारण याबद्दल फार गैरसमज आहेत. हातांनी आतलं काही 'जागेवर' जात नाही. पोर पडलं की आई गुडघा चोळते आणि पोर रडायचं थांबतं, तसंच हे बरंचसं आहे. १९६५ मध्ये मेलझॅक आणि वॉल या दोघांनी मांडलं की स्पर्शाचे संदेश मणक्यातल्या मज्जारज्जूत पोहोचले की दुखण्याच्या संदेशांची वाट अरुंद होते. पुढच्या संशोधनाने त्यात भर पडली, दुरुस्त्या झाल्या, पण मूळ विचार टिकला. स्पर्शाने मेंदूला धीर येतो आणि आखडून धरलेले स्नायू सैल पडतात. हा परिणाम काही तास टिकतो, कधी एक-दोन दिवस. सगळी मेख इथे आहे, ताई. सुटलेल्या त्या काही तासांत हात हलवला तर ती हालचाल तुमची झाली. हलवला नाही, तर दोन दिवसांनी तुम्ही पुन्हा माझ्या टेबलावर, पहिल्या दिवशी होता तशाच.

म्हणून सासूबाईंचं तेल बंद करू नका, त्याची वेळ फक्त बदला. रात्री झोपताना चोळतात ते संध्याकाळी चोळू द्या, दहा मिनिटं, आणि लगेच पुढची तीन कामं करा. खोबरेल की तिळाचं की आणखी कुठलं गावठी वखद, यावर वाद घालू नका. तेल हाडापर्यंत मुरत नाही. काम करते ती ऊब आणि त्यांचा हात.

उजवा हात ओट्यावर टेकवून पुढे वाका आणि डावा हात घड्याळाच्या लंबकासारखा लोंबता सोडा. हात आपण हलवायचा नाही, अंग हलवलं की तो झुलतो. दोन मिनिटं. मग ओट्यावरच फडकं ठेवा, डावा तळवा त्यावर, आणि ओटा पुसल्यासारखं फडकं पुढे सरकवत कमरेत वाका. अडतं तिथे दोन श्वास थांबा, परत या. दहा वेळा. तिसरं बिछान्यावर उताणं पडून. लाटणं दोन्ही हातांत आडवं, कोपरं अंगाला चिकटलेली, आणि उजव्या हाताने लाटणं ढकलून डावा पंजा हळूहळू बाहेर न्यायचा. हेही दहा वेळा. दिवसातून दोनदा केलं तरी पुरे. व्यायामानंतरचं दुखणं तासाभरात निवलं तर प्रमाण बरोबर आहे. त्या रात्री झोप मोडली तर दुसऱ्या दिवशी निम्मं करा. झोपताना डाव्या दंडाखाली एक उशी घ्या, हात मागे लोंबू देऊ नका.

रात्रीचा ठणका अजून फार असेल तर अस्थिरोगतज्ज्ञांना सांध्यातल्या स्टिरॉइड इंजेक्शनबद्दल विचारा. नाव ऐकून घाबरू नका. दुखऱ्या टप्प्यात ते चांगलं उपयोगी पडतं आणि मग आम्हाला काम करता येतं. साखर असेल तर इंजेक्शननंतर काही दिवस ती वाढते, म्हणून आधी ती तपासणी. ब्रिटनमध्ये ५०३ रुग्णांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात (२०२०) इंजेक्शनसह फिजिओथेरपी, भूल देऊन खांदा मोकळा करणं आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया यांची तुलना झाली. वर्षाअखेर रुग्णांना जाणवेल इतका मोठा फरक तिन्हींत निघाला नाही. म्हणून शस्त्रक्रियेची घाई नको. पण खोटी आशाही देत नाही. या खांद्याला पूर्ण मोकळं व्हायला एक ते तीन वर्षं लागतात. दुखणं मात्र बरंच आधी कमी होतं.

आता मान आणि डोकं. ती 'गॅप' तुम्ही मनातून काढून टाका. आपल्याकडे हा शब्द माणसाला आजारी करतो. गॅप म्हणजे मणक्यांमधली चकती वयाने चपटी होणं, केस पिकावेत तसं. कुठलंही दुखणं नसलेल्या लोकांच्या कमरेचे स्कॅन पाहिले, तर विशीतल्या सुमारे ३७ टक्क्यांच्या आणि ऐंशीतल्या ९६ टक्क्यांच्या चकत्या झिजलेल्या दिसतात. मानेतही असंच चित्र असतं.

मानेच्या वरच्या तीन मणक्यांतून निघणाऱ्या नसा आणि चेहऱ्याची, डोळ्याभोवतीची नस, दोन्हींचे संदेश मज्जारज्जूत एकाच ठिकाणी पोहोचतात. म्हणून मान आखडली की मेंदूला वाटतं डोळ्यामागे दुखतंय. आणि तुमची मान आखडणारच. खांदा वर जात नाही म्हणून तुम्ही सात महिने सगळा खांदाच कानाकडे उचलून काम करताय. पुऱ्या, शंकरपाळ्या, चतुर्थीच्या शेकडो नेवऱ्या मान खाली घालून केल्यात. इथे हातांचा गुण सगळ्यात लवकर येतो. कवटीच्या खालच्या कडेला, मानेच्या खळीच्या दोन्ही बाजूंना बोटांची टोकं ठेवून नुसतं डोकं त्यांवर विसावू द्यायचं. दाबायचं नाही. डोकं चार-पाच किलोचं असतं, तेवढं वजन पुरतं. दोन-तीन मिनिटांत स्नायू लोण्यासारखे सैल होतात, बोटं आपोआप आत जातात. घरी हेच मोज्यात दोन टेनिस बॉल घालून, गाठ मारून, त्यांवर डोकं टेकून करता येतं. सोबत हनुवटी मागे ओढून पाच सेकंद धरण्याचा व्यायाम दिवसातून तीन-चारदा करा. फराळाचं काम टेबल उंच करून, दर अर्ध्या तासाने उठून.

मान कडकन मोडून घेऊ नका, आणि नवऱ्यालाही सलूनमध्ये मोडून घेऊ देऊ नका. तो आवाज हाड जागेवर बसल्याचा नसतो. सांध्यातल्या वंगणात दाब एकदम कमी होऊन वायूची पोकळी तयार होते, त्याचा असतो. म्हणून तर तोच सांधा वीसेक मिनिटं पुन्हा वाजत नाही. प्रशिक्षित माणूस तपासून, निवडक रुग्णात मानेला असा झटका देऊ शकतो. पण मानेतून मेंदूला जाणाऱ्या रक्तवाहिनीला चीर पडण्याचा धोका त्यात असतो. क्वचित होतं, पण झालं तर अर्धांगवायूचा झटका येतो. केस कापणाऱ्याने तो धोका तपासायचा तरी कसा? अचानक, आजवर कधी नव्हतं असं तीव्र डोकं दुखलं, बोलताना जीभ जड झाली, एकाचे दोन दिसले, तोंड वाकडं झालं किंवा हात लुळा पडला, तर मानेला कुणाचाही हात लावू देऊ नका, १०८ ला फोन करा. हातात मुंग्या, पकड सुटणं, लघवी अडणं, ताप, विनाकारण वजन उतरणं यांतलं काहीही असलं तरी आधी डॉक्टर, मग आम्ही.

जाऊबाईंना प्रेमाने सांगा की मणक्यावरच्या उपचाराने थायरॉइड जात नाही. रक्तदाब, मधुमेह, दमा हेही जात नाहीत. ही समजूत जुनी आहे. अमेरिकेत डॅनिएल पामर यांनी १८९५ मध्ये एका बहिऱ्या माणसाचा मणका दाबून त्याला ऐकू येऊ लागल्याचा दावा केला आणि त्यातून कायरोप्रॅक्टिक, म्हणजे मणक्यावर हातांनी उपचार करण्याची पद्धत, निघालं. जाऊबाईंनी थायरॉइडची गोळी बंद केली असेल तर ती आजच सुरू करायला लावा, बैठकांच्या पैशांचं नंतर बघता येईल. कंबरदुखीसाठी मात्र या विद्येला जागा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीबद्दल मार्गदर्शन काढलं, त्यात व्यायामासोबत मणक्यावरचे हाताने केलेले उपचार आणि मसाज यांचा समावेश आहे. आणि कमरेचा पट्टा व वजन लावून ताणणं या दोन गोष्टी नेहमीच्या उपचारात नकोत, असं म्हटलं आहे. आपल्याकडे तर कंबर धरली की पहिल्यांदा पट्टाच येतो.

सासूबाईंची चक्कर वाचून मला बरं वाटलं, कारण ती बहुधा बरी होणारी आहे. कूस बदलली, वर बघितलं की घर फिरतं आणि मिनिटभरात थांबतं, असं असेल तर आतल्या कानातले चुन्याचे बारीक कण आपली जागा सोडून तोल सांभाळणाऱ्या नळीत गेलेत. इथे मात्र खरोखरच काहीतरी 'जागेवर' न्यायचं असतं. रुग्णाचं डोकं हातात धरून एका ठरावीक क्रमाने वळवत जायचं, प्रत्येक ठिकाणी अर्धा मिनिट थांबायचं, की कण घरंगळत परत जातात. अमेरिकेतले कानाचे डॉक्टर जॉन एपली यांच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते. औषध नाही, यंत्र नाही, पाच-दहा मिनिटांचं काम, आणि बहुतेकांना एक ते तीन खेपांत आराम पडतो. पण कुठल्या कानात, कुठल्या नळीत ते आधी तपासावं लागतं, म्हणून घरी व्हिडिओ बघून करू नका. म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात किंवा बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) कान-नाक-घसा ओपीडीत न्या. तोवर त्यांना रात्री एकदम उठू देऊ नका. आधी बिछान्याच्या कडेला बसायचं, मग उभं राहायचं. या वयात चक्करपेक्षा पडणं महागात पडतं.

तुमच्यासाठीही त्याच दिवशी अस्थिरोग ओपीडीचा केसपेपर काढा. खासगीत जायचं असेल तर फिजिओथेरपीची पदवी विचारायला लाजू नका, बीपीटी किंवा एमपीटी. पहिल्या भेटीत त्यांनी साखर, हाडं, जुने आजार विचारले का, मान आणि खांदा दोन्ही हलवून पाहिले का, घरी करायचं काही शिकवलं का, हे बघा. नुसतं यंत्र लावून वीस मिनिटं झोपवून ठेवत असतील तर दुसरीकडे जा. वीस बैठका आगाऊ घेऊ नका. पाच-सहा बैठकांत रात्रीची झोप किंवा हाताची पोच यांत काहीच फरक नसेल, तर पुन्हा तपासून घ्यायची वेळ आली असं समजा.

आज एक करा. भिंतीजवळ उभ्या राहून डावा हात दुखेपर्यंत नाही, अडेपर्यंत वर न्या आणि बोट पोहोचतं तिथे पेन्सिलने रेघ मारा, तारीख लिहा. दर रविवारी एक रेघ. सहा आठवड्यांनी त्या रेघांचा फोटो आणि साखरेचा रिपोर्ट, दोन्ही मला पाठवा. त्यावरून पुढचे व्यायाम सांगते.